वरचा सूर समेवर : दोन हातांचा मेळ कसा साधावा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

शिरपूर जैनहून मी बोलते आहे. आपल्या गावाची ओळख अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे दूरदूर आहे. ज्येष्ठ महिना लागला, की शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूर, मेडशी, मालेगाव करत आपल्या गावात येते आणि इथून पुढे रिसोडकडे जाते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्या पालखीच्या दिवशी आमच्या भजनी मंडळाची जी फजिती झाली, तिच्यापासून आज सुरुवात करते. फजिती सांगायला लाज वाटत नाही, कारण तिच्यातूनच मी एक गोष्ट शिकले, आणि ती प्रत्येक भजनी मंडळाच्या उपयोगाची आहे.

आमचं मंडळ बचत गटातून उभं राहिलं. आधी फक्त टाळ होते. मग गटाच्या शिल्लकेतून एक जुनी पेटी घेतली. मला लहानपणी थोडं वाजवता येत होतं, म्हणून पेटी माझ्याकडे आली. मृदंगावर आमच्यातल्याच एक मावशी. गल्लीच्या तोंडाशी सतरंजी टाकून आम्ही पालखीच्या स्वागताला बसलो. भजन सुरू झालं, आणि दुसऱ्याच कडव्यात ताल सुटला. मृदंग पुढे, पेटी मागे, टाळ तिसरीकडेच. मावशींनी दोनदा थाप जोरात मारून सगळ्यांना गोळा केलं, पण पुन्हा तेच. बाजूला उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बायाचे हात लहान असतात वो, पेटी त्याइले झेपत नाही."

मी मनात ठरवलं, पेटी सोडायची. पण पेटी सोडली तर मंडळात दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं, आणि गटाने पै-पै जमवून घेतलेली पेटी कपाटावर धूळ खात बसली असती. माझी चूक नेमकी काय होती, हे मला त्याच वर्षीच्या दिवाळीत कळलं, आणि तेही पियानोमुळे.

आमची एक भाची पुण्याला पियानो शिकते. दिवाळीला आली तेव्हा ती स्वरलिपीचं पुस्तक घेऊनच आली होती. पियानो तुम्ही सिनेमात पाहिला असेल. पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, पण भाता नाही. पट्टी दाबली की आत लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. भाता मारायचा नसल्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि दहाही बोटांना काम. पायाशी एक दांडी असते. ती दाबून धरली, की बोट उचललं तरी सूर घुमत राहतो. ही दांडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाची म्हणाली, "मावशी, माझे हातच पुरत नाहीत." आणि तिने पुस्तकातलं एक चिन्ह दाखवलं. स्वरांच्या उभ्या रांगेशेजारी नागमोडी रेघ. मी विचारलं, ही काय भानगड? तिने जे सांगितलं, ते मी तुम्हाला आपल्या शब्दांत सांगते.

आपण मेथीची जुडी आणतो. दहा-बारा काड्या एकत्र बांधलेल्या. तसेच तीन-चार सूर एकदम दाबले, की सुरांची जुडी होते. त्याला कॉर्ड म्हणतात. पेटीवर सा, ग, प आणि वरचा सा एकदम दाबून पाहा, भरगच्च आवाज येतो. आता कधीकधी ती जुडी इतकी रुंद असते, की हात पुरत नाही. पियानोवर एका सा च्या मधोमधून वरच्या सा च्या मधोमध साधारण साडेसोळा सेंटिमीटर अंतर भरतं. वरचा ग गाठायचा म्हटलं तर एकवीस सेंटिमीटरच्या वर जातं. हात ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आपली वीत मोजून पाहा. पुष्कळ बायांची वीत एकवीस सेंटिमीटरपर्यंत पोचत नाही. मग काय करायचं? जुडी सोडायची. सगळे सूर एकदम न वाजवता, खालून वर, एकामागून एक, झर्रकन वाजवायचे. ती नागमोडी रेघ हेच सांगते, की जुडी सोडून वाजवा.

म्हणजे लहान हाताची अडचण काही आपल्या गल्लीतच नाही, आणि बायांनाच नाही. रशियाचे रखमानिनोव्ह हे मोठे रचनाकार. त्यांचे हात फार मोठे होते. त्यांचा १९०१ साली पूर्ण झालेला पियानोचा दुसरा कॉन्चेर्टो ज्या जुड्यांनी सुरू होतो, त्या इतक्या रुंद आहेत, की कितीतरी नावाजलेले पुरुष वादकही त्या सोडूनच वाजवतात. आणि स्पेनच्या ॲलिसिया दे लारोचा (१९२३ ते २००९) यांची उंची पाच फुटांपेक्षाही कमी होती, हात लहान होते, तरी जगातल्या मोठ्या पियानोवादकांत त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा हात लहान म्हणून वाजवणं अडतं, हे खरं नाही. अडतं ते दुसऱ्याच जागी.

कुठे अडतं, ते आता पाहू. चार सूर एकदम दाबले तर ठोक्यावर कोण पडतं हा प्रश्नच नाही, चारही पडतात. पण जुडी सोडली, की चार सूर चार वेगळ्या क्षणी वाजतात. ताल मात्र एकच. मृदंगाची सम एकाच क्षणी पडते. मग त्या चार सुरांतला कोणता सूर समेवर पडायचा? पहिला, की शेवटचा?

मी काय करत होते, तर समेवर पहिला सूर, म्हणजे खालचा सा दाबत होते, आणि मग ग, प करत वरच्या सा ला पोचत होते. पण आमच्या बाया गात होत्या तो वरचा सूर. त्यांचा कान माझ्या करंगळीकडे, आणि माझी करंगळी पोचायची सम होऊन गेल्यावर. त्या थांबून माझी वाट पाहायच्या. मृदंगवाल्या मावशी कुणाची वाट पाहत नव्हत्या. दर आवर्तनात थोडंथोडं मागे पडत दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही पार विस्कटलो. हात लहान असल्याने काही बिघडलं नव्हतं. हात निघायलाच उशीर करत होता.

भाचीच्या बाईंनी तिला एक वाक्य सांगितलं होतं, वरचा सूर ठोक्यावर. आपल्या भाषेत मी ते असं समजले. आठची एसटी पकडायची असेल, तर घरून आठ वाजता निघून चालतं का? स्टँडवर पोचायला पंधरा मिनिटं लागत असतील, तर पावणेआठला निघावं लागतं. तसंच इथे. करंगळीला समेवर पोचायचं असेल, तर अंगठ्याने समेच्या आधीच निघालं पाहिजे.

मग किती आधी निघायचं? इथे थोडा हिशेब करू, बचत गटाच्या बायांना हिशेबाचं भय नाही. समजा, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. चार सुरांत मोकळ्या जागा तीन. म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सेकंदाचे तीन दशांश. आता भजन संथ आहे, मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे एका मात्रेला एक सेकंद. तर अंगठा समेच्या आधी मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी वेळ निघाला, की करंगळी बरोबर समेवर.

आता तेच भजन दुगुणीत गेलं. मिनिटाला एकशेवीस मात्रा. मात्रा झाली अर्ध्या सेकंदाची, पण आपली बोटं तीच, त्यांना तीन दशांश सेकंद लागणारच. म्हणजे आता अंगठ्याला अर्ध्या मात्रेपेक्षाही आधी निघावं लागेल. मागच्या मात्रेतल्या शब्दावर आपले सूर जाऊन आदळतील आणि गडबड होईल. यावर उपाय म्हणजे जुडीतल्या काड्या कमी करा. मधला ग आणि प सोडा. नुसते खालचा सा आणि वरचा सा ठेवा. मोकळी जागा एकच उरली, एक दशांश सेकंद. लय वाढली की सूर कमी करायचे, हे सोपं सूत्र. आपण उलट करतो. रंग चढला, की हौसेने सूर वाढवतो, आणि तिथेच ताल सुटतो.

आता दोन हातांचं. पियानोवर डाव्या हाताची एक जुडी आणि उजव्या हाताची एक जुडी, दोन्ही सोडायच्या असतात. मग दोन रीती होतात. पहिली रीत म्हणजे दोन्ही हात बरोबर निघतात, बरोबर पोचतात. डाव्याची करंगळी आणि उजव्याचा अंगठा एकदम सुरू, डाव्याचा अंगठा आणि उजव्याची करंगळी एकदम शेवट. दुसऱ्या रीतीत आधी डावा हात आपले चार सूर पूर्ण करतो, मग तिथून उजवा उचलतो, जणू आठ सुरांची एकच लांब शिडी. पुस्तकात हे रेघेवरून कळतं. दोन हातांच्या ओळींना दोन वेगळ्या नागमोडी रेघा असतील, तर बरोबर निघा. वरपासून खालपर्यंत एकच लांब रेघ असेल, तर एकामागून एक जा.

यांतली कोणती अवघड? हिशेब पुन्हा करा. बरोबर निघाल्यास मोकळ्या जागा तीनच, तीन दशांश सेकंद. एकामागून एक गेल्यास आठ सुरांत मोकळ्या जागा सात, सात दशांश सेकंद. संथ लयीत, एका सेकंदाच्या मात्रेत, ते बसतं आणि गोडही लागतं. पण मिनिटाला एकशेवीसच्या लयीत सात दशांश म्हणजे जवळपास दीड मात्रा! तिथे लांब शिडी चढायला वेळच नाही. म्हणून जलद लयीत वादक दोन्ही हात बरोबर सोडतात, आणि लांब शिडी संथ जागेसाठी राखून ठेवतात.

पोलंडचे रचनाकार फ्रेडरिक शोपँ यांनी १८३३ साली बारा अभ्यास-रचना छापल्या. त्यांतली अकरावी जवळजवळ पूर्णपणे अशा सोडलेल्या जुड्यांचीच आहे, दोन्ही हातांनी, एकामागून एक. गाणं मात्र चालतं ते प्रत्येक जुडीच्या सगळ्यात वरच्या सुरावर. वाजवणाऱ्याची परीक्षा तीच. खाली कितीही सूर झरझर गेले, तरी वरची चाल एकसारखी, न अडखळता चालली पाहिजे. भाची त्याच रचनेला घाबरली होती. खालच्या सुरांच्या वेळी पायाशी असलेली दांडी दाबून ठेवावी लागते, कारण हात वर सरकला की खालच्या पट्टीवरून बोट उठतं. दांडीमुळे तो सूर मागे घुमत राहतो.

आपल्या पेटीला ती दांडी नाही. बोट उचललं, की सूर मेला. म्हणून आपण हाताच्या टप्प्याबाहेरची जुडी घेऊच नये. आणि आपला डावा हात तर भात्यावर अडकलेला. मग दोन हातांचा मेळ पेटीवर नाही का? आहे, आणि माझी दुसरी चूक तिथेच होती. भाता ढकलला की आवाज क्षणभर फुगतो. मी अंगठ्याने खालचा सा दाबताना भाता जोरात ढकलत होते. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं, सम इथेच आहे. वरचा सूर मी समेवर आणला असता, तरी भात्याने सम आधीच दाखवून दिली असती. भाता लहान, एकसारखा, न थांबता चालला पाहिजे, आणि जोर द्यायचाच असेल तर तो वरच्या सुरावर द्यायचा. उजव्या हाताची करंगळी आणि डाव्या हाताचा तळवा एका क्षणी भेटले पाहिजेत. पेटीवरचा दोन हातांचा मेळ तो हा.

थोडं पेटीविषयीही सांगते. ही मूळची आपली नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी हार्मोनियम हे नाव देऊन ती नोंदवली. ती पायाने भाता मारायची होती, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण खाली बसणारी माणसं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी बनवली आणि मग ती गावोगाव पोचली. पायाने वाजवायचा मोठा प्रकारही आपल्याकडे राहिला, संगीत नाटकांत. त्याला ऑर्गन म्हणत. पाय भात्यावर, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक, 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असे. म्हणजे पट्ट्यांवर दोन्ही हातांनी सूर भरण्याची विद्या मराठी माणसाला नवी नाही.

आणखी एक गोष्ट या रेडिओवर बोलताना सांगावीशी वाटते. १९४० ते १९७१ एवढी वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. कारण असं दिलं जायचं, की गळ्यातून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जशी मींड घेता येते, तशी पेटीवर घेता येत नाही. पट्टी दाबली की सूर लागतो, सोडली की तुटतो. मधली घसरण नाही. हे खरंच आहे. पण म्हणूनच पेटीवाल्याला वेळेचं भान जास्त ठेवावं लागतं. घसरून सुरावर जाता येत नसेल, तर शेजारचा सूर निसटता लावून, नेमक्या क्षणी मुख्य सुरावर यायचं. तो कणस्वरही समेच्या आधी निघतो आणि मुख्य सूर समेवर पडतो. सोडलेली जुडी हे त्याच कणस्वराचं मोठं भावंड समजा.

मग वरचाच सूर नेहमी समेवर का? नाही. नियम असा, की ऐकणारी किंवा गाणारी ज्या सुराला धरून आहे, तो सूर समेवर. बहुतेक वेळा चाल वरच्या सुरात असते, म्हणून वरचा. पण भजन सुरू करण्यापूर्वी आपण बायांना सा देतो, तेव्हा त्या खालच्या सा ला धरून असतात. तिथे सा आधी, ठोक्यावर, ठाम, आणि बाकीचे सूर मागून. युरोपातही जुन्या काळच्या रचनांत पुष्कळदा पहिला सूर ठोक्यावर ठेवून बाकीचे मागून सोडतात. तेव्हा वाजवण्याआधी विचारायचं, आत्ता गाणाऱ्या बाया कोणत्या सुराला धरून आहेत? उत्तर मिळालं, की बोटांनी कधी निघायचं हे आपोआप ठरतं.

आता हे शिकायचं कसं? आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत एक खेळ केला. पेटी लागत नाही, तुम्हीही करून पाहा. चार जणी एका ओळीत बसा. पाचवीने आठ मात्रा मोजायच्या आणि एकवर टाळी द्यायची. चौघींनी एकामागून एक टाळी वाजवायची, पण शेवटचीची टाळी मोजणारीच्या एकवर पडली पाहिजे. पहिल्यांदा हमखास चुकेल. पहिली बाई एक ऐकून टाळी देईल आणि चौथी उशिरा पोचेल. माझ्या पेटीचं झालं तेच. मग पहिलीला कळेल, की आपण आठच्या पोटातच निघायला हवं.

हे जमलं, की समोर दुसरी चौघींची ओळ बसवा. पहिली ओळ डावा हात, दुसरी उजवा. आधी दोन्ही ओळी बरोबर सुरू करा आणि दोन्ही चौथ्या एकवर भेटू द्या. मग दुसऱ्या रीतीने जा, म्हणजे पहिली ओळ संपल्यावर दुसरी सुरू, आणि आठवी बाई एकवर. मोजणारीने हळूहळू वेग वाढवावा. एका जागी आठ जणींची शिडी कोसळेल आणि हसू फुटेल. तो वेग लक्षात ठेवा. त्याच्या पुढे लांब शिडी नाही, दोन्ही ओळी बरोबर. आणखी वेग वाढला तर ओळीतल्या मधल्या दोघींनी गप्प बसायचं. हिशेब मी मघाशी सांगितला, पण आमच्या बायांना तो पटला टाळ्यांनीच.

आमच्यातल्या एक आजी हे पाहून म्हणाल्या, "हे तं आमच्या कांडणावानी आहे बाप्पा." त्या सांगत होत्या ते खरं होतं. एका उखळात दोघी जणी दोन मुसळांनी कांडायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. वर गेलेलं मुसळ खाली कधी आदळायचं, हे वर असतानाच ठरलेलं असतं. समोरचीचं मुसळ पडल्यावर आपलं उचलू म्हटलं, तर मेळ बसतच नाही. आणि चुकलं तर मुसळावर मुसळ. ज्या बायांनी आयुष्यभर असं कांडलं, त्यांना ताल शिकवायला कुणी बाहेरचं यायला नको.

पेटीवाल्या मैत्रिणींसाठी चार पायऱ्या. पहिली पायरी, पेटी न घेता मांडीवर बोटं आपटा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. तोंडाने मात्रा मोजा आणि करंगळी एकवर आणा. दुसरी, पेटीवर नुसते दोनच सूर, खालचा सा आणि वरचा सा. तिसरी, मधले सूर एकेक करून घाला. चौथी, मृदंग नाहीतर टाळ सोबत घ्या आणि भात्याचा जोर कुठे पडतो ते दुसरीला ऐकायला सांगा. स्वतःचा भाता स्वतःला ऐकू येत नाही, हा माझा अनुभव आहे. एकेका पायरीला आठवडा द्या.

आणि टाळवाल्या बायांसाठी. वीस जणींचे टाळ एका क्षणी पडले तर एकच खणखणीत आवाज येतो. जरा मागेपुढे झाले, की खळ्ळ असा पसरट आवाज होतो. तीही एक सोडलेली जुडीच, फक्त न ठरवता सुटलेली. ती सुटते, कारण आपण शेजारणीचा टाळ ऐकून आपला मारतो. शेजारणीचा ऐकून मारला तर तो तिच्या मागेच पडणार, तिच्या शेजारणीचा आणखी मागे. म्हणून सगळ्यांनी कान मृदंगाकडे ठेवायचा.

पण दिंडी लांब असेल तर तेही पुरत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मृदंगापासून चौतीस मीटर, म्हणजे सुमारे पन्नास पावलं मागे असलेल्या बाईला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येते. तिने अगदी बरोबर मारलं, तरी पुढच्यांना ती मागे वाटते. तिथे कानापेक्षा डोळा बरा, कारण दिसायला वेळ लागत नाही. पालखीतले वारकरी टाळ वाजवताना पावलं टाकतात, हात वर नेतात, वाकतात, ते पाहा. पुढच्या रांगेची पावलं आणि हात मागच्याला दिसतात. हात वर दिसला, की खाली कधी येणार ते कळतं. मोठ्या दिंडीत टाळ पायांवर आणि हातांवर जुळतात.

पुढच्या ज्येष्ठात आम्ही पुन्हा त्याच जागी बसलो. मी मधले सूर सोडले होते, भाता हलका ठेवला होता, आणि अंगठा वेळेआधी काढत होते. दुगुण लागली तेव्हा छातीत धडधडलं. एका जागी मी चुकलेही. पण या खेपेला कुठे चुकले ते मला कळलं, आणि पुढच्या समेला मी परत जागेवर आले. मावशींना थाप जोरात मारावी लागली नाही. गेल्या वर्षीचे ते गृहस्थ होते की नव्हते, ते पाहायला मला सवड नव्हती. हात आहेत तेवढेच आहेत, एक बोटभरही वाढलेले नाहीत.

भाचीने फोनवर सांगितलं, की ती अकरावी रचना तिने आता हळू लयीत सुरू केली आहे, रोज चार ओळी. तिलाही मी टाळ्यांचा खेळ सांगितला. पुण्याच्या वसतिगृहात मैत्रिणींना बसवून तिने तो करून पाहिला म्हणे.

तुमच्या मंडळातही कपाटावर एखादी पेटी पडली असेल, तर आज खाली काढा. भाता कुठे फाटला आहे का ते पाहा, पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा. आणि चार जणी ओळीत बसून टाळ्यांचा खेळ खेळा. पुढच्या बैठकीला पाचव्या बाईकडून मात्रा मोजून घ्या.